नाव सांगितलं की गुण जातो

११ जुलै, सकाळी

कमरेला, लेंग्याची नाडी बसते तिथे, एक गोल डाग. रुपयाएवढा. कडा लाल, मधे साफ. खाज मध्यम.

मनोरमाने बघितलं आणि चहा ओतता ओतता निदान केलं. तिने जो शब्द उच्चारला तो मी इथे लिहिणार नाही. त्यात हत्ती आहे आणि कान आहे, एवढं पुरे. भाऊ, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की या रोगाचं नाव घेतलं की तो अंगभर हिंडतो. आणि मुळात हा तो रोग नाहीच. ही उष्णता आहे. अख्खी नोकरी ऑफिसात रेक्झिनच्या खुर्चीवर बसून काढली, ती उष्णता निवृत्तीनंतर सवडीने बाहेर पडतेय. तसं मनोरमाला सांगितलं. तिने विचारलं, खुर्चीवर कमरेने बसायचात का?

मी कप घेऊन उठलो. वादाने उष्णता वाढते.

संकल्प: लेक संपदा बाळंतपणाला यायच्या आत डाग साफ. फक्त झाडपाल्याने. भाऊ गावात झाडपाल्याचं औषध द्यायचे, लांबून लांबून माणसं यायची. त्यांच्या हाताला गुण होता. हातगुण रक्तातून उतरतो. माझ्यात तो फायलींखाली दबला होता, एवढंच.

१३ जुलै

भाऊंचे नियम आठवून काढले. पाला आणायला जाताना-येताना कुणाशी बोलायचं नाही. कशासाठी आणलाय ते सांगायचं नाही. औषधाचं नाव तर बायकोलाही नाही. नाव सांगितलं की गुण जातो.

खारी गावाच्या पुढे मिठागराच्या बांधावर टाकळा माजलाय. भाऊंचं मुख्य औषध टाकळा. पहाटे जाऊन पिशवी भरून आणला. वाटेत केरबा भेटला. केरबा म्हणजे माझा सकाळच्या फेरीचा जोडीदार, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. त्याने काय आत्माराम म्हणून हाक मारली, मी मान फिरवून निघून गेलो. औषधापुढे मैत्री नाही. घरी आलो, पिशवी मुकाट ओट्यावर ठेवली, आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर टाकळ्याची भाजी. कांदा, खोबरं, मोकळी परतलेली. मनोरमा खुशीत होती. म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा न सांगता भाजी आणलीत. नियमाप्रमाणे खुलासा करता आला नाही. दोनदा वाढून घेतली.

पोटातून गेलेलं औषध थेट मुळावर काम करतं.

२० जुलै

पहिल्या डागाला सोबत आली आहे. डाव्या बाजूला, थोडा मोठा. याचा अर्थ उष्णतेने दुसरं दार उघडलं. चांगली खूण.

केरबाची समजूत घातली. तो म्हणाला, स्टेशनजवळ स्किनच्या नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, त्याच्या बायकोला महिन्याभरात फरक पडला. मी सांगितलं, गोळ्यांनी रोग दबतो. तो म्हणाला, दबू दे की, मग?

मनोरमाची टॉवेलवरून कटकट. म्हणे तुमचा वेगळा ठेवा. एका घरात नवराबायकोचे दोन टॉवेल? संपूर्ण संसार एका टॉवेलवर काढला, आता काय झालं? ठेवला नाही.

२६ जुलै

कडुलिंब. इतकं साधं कसं सुचलं नाही.

समोरच्या हंसाबेनकडे गेलो. गुजरातीत कडुलिंबाला लीमडो म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मीरा-भाईंदरमध्ये राहून भाषा येतातच. त्यांना म्हणालो, थोडा लीमडा चाहिए, पीस के. कितना, विचारलं. मूठ दाखवली. किस लिए, विचारलं. नियम आठवून छताकडे बघितलं. त्या हसल्या. तासाभरात वाटी हातात. हिरवागार, मऊ लेप. सज्जन बाई.

दुपारी लावला. पाच मिनिटांत आग सुरू. दहाव्या मिनिटाला डोळ्यांतून पाणी. इतका लागू पडलेला उपचार मी जन्मात पाहिला नाही. दात आवळून सहन केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वाटीत उरलेल्या लेपाची मनोरमाने बोटाने चव घेतली. मीठ कमी आहे म्हणाली.

हंसाबेनच्या स्वयंपाकघरात लीमडो म्हणजे कढीपत्ता. आणि पीस के म्हटल्यावर चटणीशिवाय दुसरं काय असणार, म्हणून त्यांनी प्रेमाने चार मिरच्या आणि अर्धं लिंबू पण घातलं. आत्ताच बेल वाजवून विचारून गेल्या, आत्मारामभाईने भावी के?

आवडली म्हणून सांगितलं. सांगताना उभा होतो. बसता येत नव्हतं. बर्फाचा ट्रे कमरेला बांधला आहे.

नोंद: मिरचीने रक्ताभिसरण सुधारतं. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

३ ऑगस्ट

संपदा आली. जावईबापू पराग सोडायला आले होते. बॅगा, उशा, गाद्या, बाळाचे कपडे. बाळ अजून यायचंय, सामान आलं.

बेडरूम आता तिची. मी हॉलमध्ये. मधे पडदा. माझ्या मानेवर नवीन डाग आहे तो तिने टॅक्सीतून उतरतानाच पाहिला. पाया पडायला वाकली ती अर्ध्यातूनच परत उभी राहिली. मला वाटलं पोट आड आलं. तर नाही. म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हे जाईपर्यंत बाळाला तुम्ही घ्यायचं नाही.

मी हसलो. बाळ यायला महिना आहे, डाग जायला पंधरा दिवस.

संपदा जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती. नर्स म्हणाली, हाताखाली उशी धरून घ्या. मी उशी न धरता घेतली. ती माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावली आणि झोपली. हे हात काय घ्यायचं आणि कसं घ्यायचं ते कुणाकडून शिकणार नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर तांदळाची पिशवी हातावर घेऊन हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. सराव असावा. मान सांभाळली.

१० ऑगस्ट, रविवार

सापडली. खरी वैदूण सापडली.

आमच्या भाजीवालीने पत्ता दिला. डोंगरी गाव, उत्तनच्या वाटेवर. भाईंदर पश्चिमेहून बस. कमळाबाई नाव. ऐसपैस घर, ओटीवर टीव्ही चालू, अंगणात तीन स्कूटी. वैदूला दारिद्र्य असावं असं मला उगाच वाटायचं. तिने चार हात लांबूनच डाग बघितला आणि म्हणाली, "जुना हाय." नुसतं बघून! पैसे घेत नाही. नारळ आणि सुपारी, देवापुढे. घरामागे गेली, काहीतरी तोडलं, पाट्यावर वाटलं आणि हिरवा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

कसला पाला म्हणून विचारलं. नाव सांगत न्हाय, म्हणाली. आणि घरी जाऊन लावेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की पाल्याचा गुण गेला.

भाऊंचेच नियम. अंगावर काटा आला. (काट्यामुळे खाज वाढली. थोडा वेळच.)

दर रविवारी यायला सांगितलंय.

येताना बसमध्ये बोललो नाही. नोट पुढे केली, बोटाने दिशा दाखवली. कंडक्टरने मला मुका समजून एका पोराला उठवलं आणि खिडकीची जागा दिली. एक मावशी शेजारणीला म्हणाली, दिसायला चांगला हाय बिचारा.

मौनाचे फायदे लोकांना माहीत नाहीत.

१९ ऑगस्ट

उत्कृष्ट प्रगती. डाग आता अजिबात दिसत नाहीत. लेपाचा हिरवा रंग इतका पक्का बसलाय की कमर, पाठ, मान सगळं एकसारखं. लेप धुतला की दिसतात. म्हणून धूत नाही.

मनोरमा म्हणाली, अंगाला शेवाळाचा वास येतो. तिने उशी-चादर उचलली आणि दिवाणावरून खाली झोपायला लागली. संपदाने पडद्याच्या कडेला सेफ्टी पिना लावल्या आहेत. पडदा हलायचा, तेवढीच अडचण होती.

तांदळाची पिशवी आता न बघता घेता येते.

३१ ऑगस्ट, रविवार, रात्री

नात झाली.

घटना क्रमाने लिहितो. सकाळी डोंगरी. कमळाबाईने गोळा दिला. परतीच्या बसमध्ये बसलो आणि फोन वाजला. मनोरमा. उचलला, पण बोलणार कसा? म्हणालो, हं. ती म्हणाली, संपदाला कळा सुरू झाल्यात, आम्ही निघालो. मी म्हणालो, हं. ती म्हणाली, तुम्ही थेट तिकडेच या. मी हं म्हणालो. तिकडे म्हणजे कुठे? त्यांनी दोन हॉस्पिटलं बघून ठेवली होती, एक मीरा रोडला, एक इथे. कुठलं ठरलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी लेप लावत होतो. हे विचारायला एक शब्द पुरला असता. विचारला नाही. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि फोन कट झाला.

पुन्हा वाजला. घेतला नाही. नियम म्हणजे नियम.

घरी कुलूप. हंसाबेनना विचारायचं तर बोलावं लागेल, आणि बोलायचं तर आधी लेप लावला पाहिजे. लावला. वाळायला पाऊण तास. मग समोरची बेल वाजवून तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, अरे आत्मारामभाई, कब से फोन कर रहे हैं सब लोग. मीरा रोड.

पोचलो तेव्हा ती होऊन, पुसून, गुंडाळून झोपली होती. पावणेतीन किलो. काचेतून बघितली. नाक संपदाचं. मनोरमाने तिला दुपट्यासकट एकदा घेतलं, मला लांबून दाखवलं आणि नर्सला परत दिलं. पराग माझ्याशी फार बोलले नाहीत. दमले असतील.

मी मौनात असताना ती जन्मली. हे पुण्य तिलाच लागणार.

११ सप्टेंबर

बारसं. नाव अनुष्का.

मी पडद्याच्या अलीकडे होतो. आत्याने पाळण्याजवळ कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, नंतर हंसाबेनकडून कळलं. औषधाचं नाव लपवायचं आणि माणसाचं नाव पेढे वाटून सांगायचं, गंमत आहे.

पाहुण्यांची सरबराई माझ्याकडे होती. कुठेही कमी पडलो नाही. विहीणबाई, म्हणजे परागच्या आई, उन्हातून आल्या होत्या, हात-तोंड धुऊन टॉवेल शोधत होत्या. मी माझाच काढून दिला. म्हणाल्या, किती लक्ष आहे हो तुमचं. मानेच्या हिरव्या रंगाबद्दल विचारलं. हळद-चंदन म्हणालो. पूजेचं असेल असं त्यांना वाटलं.

फोटोत मी नाही. कुणीतरी फोटो काढायला हवाच असतो.

१६ सप्टेंबर

मनोरमाबद्दल चार शब्द लिहायला हवेत. मी तिला कधी ओळखलंच नाही असं वाटायला लागलंय.

अनुष्का घरी आल्यापासून मनोरमाने तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. मालिश-आंघोळीला हंसाबेन येतात. मनोरमा पाणी तापवते, दुपटी उकळते, शेक-शेगडी करते, पण मूल कुणाच्या तरी हातात असलं की चार पावलं लांब. आधी मला वाटलं, दमत असेल. मग लक्षात आलं. मला घेता येत नाही म्हणून तीही घेत नाही. नवरा उपाशी म्हणून बायको उपाशी, तसं. कुणाला बोलून दाखवलं नाही. मलाही नाही.

साधेपणाही आलाय. या उकाड्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते. तिचे कपडे वेगळे धुते, माझ्यावर भार नको म्हणून. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एकटीच देवळात जाते. कुठल्या देवळात, ते विचारलं तर म्हणाली, स्टेशनजवळ.

अशी माणसं आता होत नाहीत.

२२ सप्टेंबर, दुपारी

हे आत्ता झालं, लगेच लिहितोय.

संपदा आंघोळीला गेली होती. अनुष्का पाळण्यात. रडायला लागली. आधी कुरकुर, मग जोरात, मग असं की श्वास अडकतो आणि मधे आवाजच येत नाही. मी पडदा धरून उभा राहिलो. सेफ्टी पिना निघाल्या. आत मनोरमा पाळण्याजवळ उभी होती. दोन्ही हात पाठीमागे धरून. शाळेत पट्टी चुकवायला मुलं धरतात तसे. "अगं घे तिला," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. "घे ना!" तिने मान हलवली आणि पायाने पाळणा हलवायला लागली. रडणं थांबेना. मी धावत जाऊन समोरची बेल दाबली. हंसाबेन पिठाचे हात पुसत आल्या आणि तिला उचललं. क्षणात गप्प.

मी इकडच्या भिंतीला, मनोरमा तिकडच्या भिंतीला, मधे शेजारीण आमच्या नातीला थोपटतेय.

सहानुभूतीचीही हद्द असावी. मी तसं मनोरमाला म्हणालो. ती सांडलेलं पीठ पुसायला लागली.

पिशवीतले तांदूळ रात्रीच्या भाताला काढून दिले.

२४ सप्टेंबर, दुपारी

एक प्रयोग म्हणून, केवळ तुलनेसाठी, स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आलो.

घरी सांगितलं डोंगरीला जातोय. संशय नको म्हणून नारळही घेतला. स्टेशनजवळची इमारत, पहिला मजला. गर्दी. बाकावर बसून पेपर तोंडासमोर धरला. शेजारी एक बाई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. पेपर उलटला आणि नजरानजर झाली.

कमळाबाई.

दोघंही बराच वेळ समोरच्या केसगळतीच्या पोस्टरकडे बघत बसलो. मग तिनेच पदर बाजूला केला. तळहात, बोटं, मनगटं, सगळं सोललेलं, लालभडक.

"पाला वाटून वाटून झाला," ती म्हणाली. "मला पाल्याची ऍलर्जी हाय म्हनं."

मी विचारलं, मग आपलं औषध आपल्याच हाताला का नाही लावलं?

"आपल्या हाताचा गुण आपल्याला लागत न्हाय."

तिने माझ्या मानेकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघितली. मी म्हणालो, प्रगती आहे. ती म्हणाली, हाय ना. तिचा नंबर आला. उठताना पिशवीतला नारळ तिला दिसला तो तिने काढून घेतला, देवाच्याच नावाने आणला होता ना म्हणाली. मग खाली वाकून हळूच, "या डाक्तरीनबाईंचं नाव गावात कुनाला सांगू नका."

"का?"

"गुण जातो."

डॉक्टर ममता. संपदाच्या वयाच्या. दिवा लावून बघितलं. काय काय लावलंत, विचारलं. नाव सांगता येणार नाही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग तो शब्द उच्चारला, हत्ती-कानाचा, सरळ, वरणभात म्हणावं तसा. महिना-सव्वा महिना गोळ्या, मलम, टॉवेल-कपडे वेगळे, गरम पाण्यात. आणि दुसरं काहीही लावायचं नाही. घरात आणखी कुणाला आहे का? ठामपणे नाही म्हणालो.

बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीने घरचा फोन नंबर विचारला, टाइप केला आणि म्हणाली, हा नंबर आहे की आधीचा. मनोरमा मॅडम. त्या संध्याकाळी येणार होत्या ना?

स्टेशनजवळचं देऊळ.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मनोरमा दुपट्यांच्या घड्या करत होती. गोळ्यांची पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने बघितली, घड्या चालू ठेवल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अनुष्का झाली त्या रात्री दिसलं. हातावर."

मग बाकीचं सांगितलं, थांबत थांबत. डॉक्टरीणबाई तिला दोनदा म्हणाल्या होत्या, घरातला दुसरा माणूस औषध घेत नाही तोवर तुमचं जाईल आणि परत येईल. जात होतं आणि येत होतं. संपदाला माहीत होतं, हंसाबेनना माहीत होतं. डॉक्टरांना तिने सांगितलं होतं, येतील ते, नारळ संपले की येतील.

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मलाही पाला लावला असता."

तिने बाही वर केली. कोपराच्या आत, तीन. माझ्यासारखेच. एका टॉवेलचे.

बाथरूमच्या दाराबाहेर दोन खिळे ठोकले. तिचा टॉवेल, माझा टॉवेल.

३ ऑक्टोबर

गोळ्या वेळेवर. खाज निम्म्याने कमी. मनोरमाचे डाग फिके पडलेत. संपदा दिवाळीच्या आधी सासरी जाणार, बारा तारखेला. तोवर दोघांचंही आटपायला हवं.

फ्रीजमध्ये मागे कमळाबाईचा शेवटचा गोळा सापडला. टाकवेना. गोळ्या आतून काम करतायत, बाहेरून थोडा आधार दिला तर काम लवकर होईल, हे कुणालाही पटेल. फक्त कमरेला लावला. कुणाला सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर

कमरेला फोड. पाण्याने भरलेले. उष्णता

६ ऑक्टोबर

डॉक्टर ममतांना नाव सांगता आलं नाही, कारण मला नाव माहीतच नाही. पाला म्हणालो. त्यांनी मागची चिठ्ठी पुढे ओढून मलमावर काट मारली. फोड सुकेपर्यंत मलम बंद. म्हणजे पुढचे पंधरा दिवस तरी बाळ नाही.

मनोरमाला घरी येऊन सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिने फ्रीज उघडला, मागची बाजू तपासली आणि बंद केला.

१२ ऑक्टोबर, रविवार

पराग आणि विहीणबाई न्यायला आले. सामान आलं होतं त्याच्या दुप्पट झालं आहे.

मनोरमाला परवाच डॉक्टरांनी परवानगी दिली. सकाळी संपदाने अनुष्काला तिच्या मांडीवर ठेवलं. मनोरमा नुसती बसली. हात तिच्यावर ठेवायला तिला थोडा वेळ लागला. मग एकदम बोलायलाच लागली, अगं माझी सोनी, अगं माझं पिल्लू, सगळं साठलेलं. मी पडद्याच्या अलीकडून बघितलं. पडद्याला आता पिना नाहीत. मीच आत गेलो नाही.

चहा झाला. निघायची वेळ. विहीणबाई अनुष्काला घेऊन उभ्या होत्या. मला म्हणाल्या, अहो आजोबा, जाताना तरी घ्या नातीला. बारशालाही घेतलं नाहीत. काय झालंय तुम्हाला?

परागने मोबाईल काढला. संपदा बॅगेची चेन लावत बसली. मनोरमा माझ्याकडे बघत होती, मी उष्णता म्हणणार याची तिला खात्री होती. मलाही होती.

"गजकर्ण," मी म्हणालो.

विहीणबाईंनी एकदम दाराकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, अहो, मलाही आहे, गळ्याखाली, पंधरा-वीस दिवस झाले, घरी कुणाला सांगितलं नाही. तुमच्याकडे झाडपाल्याचं काही असतं म्हणे.

अनुष्का त्यांच्या खांद्यावर होती. त्यांच्या मानेत नाक खुपसून.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन माझ्याकडे औषध मागायला आलं होतं. भाऊंकडे यायचे तसं. वाटीभर टाकळा तर मी आत्तासुद्धा आणून दिला असता.

"डॉक्टर ममता," मी मोठ्याने म्हणालो. "स्टेशनजवळ, पहिला मजला. आजच जा. आणि बाळाला आधी मनोरमाकडे द्या."

नाव सांगितलं. गुण गेला तर गेला.

मग अर्धा तास गोंधळ. संपदा आईकडे बघते, पराग आईकडे बघतो, विहीणबाई कुणाकडेच बघत नाहीत. शेवटी ठरलं की विहीणबाई बऱ्या होईपर्यंत अनुष्काने इथेच राहायचं. दिवाळी इथेच. बॅगा परत आत. विहीणबाई टॅक्सीत बसताना म्हणाल्या, कुठून लागलं काही कळत नाही हो, मी तर कुणाची वस्तूसुद्धा वापरत नाही.

मी दार लावून घेतलं. टॅक्सीचं.

आत अनुष्का मनोरमाच्या मांडीवर झोपली आहे. माझा नंबर पंधरा दिवसांनी. तांदूळ नवीन आणलेत.

बारशाचा तो टॉवेल माझा होता, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सांगणार आहे. पण सगळं एकदम सांगितलं की गुण जातो.